पाच पाकळ्यांची जास्वंद

चित्रातून शास्त्र शिकवा, असं इन्स्पेक्टरसाहेब सांगून गेले, तेव्हापासून आमच्या हायस्कुलातले शास्त्राचे मास्तर दुसरं काही शिकवतच नसत. करंगळी वर धरून रंगीत खडू फिरवायचे, दोन पावलं मागं सरून मान वाकडी करायचे आणि स्वतःच म्हणायचे, "काय उतरलंय." मी त्यांना शिक्षक म्हणत नसे, रंगारी म्हणत असे. आठ दिवस खपून त्यांनी फळाभर जास्वंद काढली आणि खाली ताकीद लिहिली, 'पुसू नये'. मला गणित शिकवायला वीतभर पट्टी उरली.

एकदा माझ्या तासासाठी दारात थांबलो होतो. वर्गातली एकुलती एक मुलगी घरच्या अंगणातली जास्वंद घेऊन उभी होती.

"सर, फळ्यावर पाचच पाकळ्या हायत. माझ्या फुलाला लई हायत की."

मास्तरांनी फूल हातात घेतलं, फळ्याकडं एकवार पाहिलं आणि एकेक पाकळी उपटत गेले. पाच उरल्यावर फूल तिला परत दिलं.

"मोज आता."

"पाच, सर."

"मग? काढ आकृती. सुबक काढ."

ते गेल्यावर मी आत शिरलो. टेबलावर पाकळ्या पडल्या होत्या. मुलगी फळ्याकडं नव्हे, माझ्याकडं बघत होती. फळा पुसायचं फडकं माझ्या हातातच होतं.

मी त्या फडक्यानं टेबल पुसलं आणि उरलेल्या पट्टीत गणित लिहायला घेतलं.