आईच्या बाजूचा फोम

माझी पाठ दुखते हे बेलापुरात ज्याला ठाऊक नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. मी दुखणं अंगावर काढणाऱ्यांतला नाही. दुखलं की मी घरात ओरडतो, शाळेत ओरडतो, आणि कुणी सहज "काय सर, कसं काय?" म्हटलं, तर तो बिचारा दहा मिनिटं सुटत नाही. शाळा नेवासा तालुक्यात, घरापासून चाळीसेक किलोमीटरवर. जाऊन-येऊन ऐंशी. रस्त्याचं वर्णन करत नाही; उसाच्या ट्रॅक्टरांनी त्याची काय दशा केली आहे ते इकडच्या माणसाला सांगायला नको.

गाडी जुनी. वडिलांनी निवृत्त झाल्यावर हौसेनं घेतलेली, तीही आधी कुणीतरी वापरलेली. इंजिन अजून ठणठणीत, पण ड्रायव्हरची सीट पार बसली होती. तिच्यावर टेकलं की कंबर खड्ड्यात आणि गुडघे वर. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, उजेडात धरून पाहिला आणि म्हणाले, "मणक्यात फार काही नाही. तुम्ही बसता कशावर ते आधी बघा." मी जरा खट्टूच झालो. इतके दिवस गाव डोक्यावर घेतलं आणि दोष निघाला सीटचा.

घोडेगावला गुरांचा बाजार भरतो, त्या बाजूला एक कुशनवाला आहे. टेम्पो, पिकअप, ट्रॅक्टर, सगळ्यांच्या सीटा करतो. मी गेलो तो नेमका बाजाराचा दिवस. म्हशी घेऊन आलेल्या पिकअपवाल्यांच्या गर्दीत तासभर ताटकळल्यावर त्यानं माझी सीट उचकटली. खालच्या तुटक्या तारा दाखवल्या, पिवळा पडलेला फोम चिमटीत धरून त्याचा भुगा करून दाखवला.

"तारा आत्ता बांधून देतो. पन फोम कडक पायजे. तो नगरवरनं आनावा लागंल. चार दिस थांबा."

चार दिवस कोण थांबतो? पी हळद अन् हो गोरी, असला माझा स्वभाव. दुसऱ्या दिवशी त्याच खड्ड्यात बसून शाळेत जायचं, या कल्पनेनंच पाठीत कळ आली. मी काहीतरी जमवायला सांगितलं. त्यानं गाडीत डोकं घालून पाहिलं.

"मग ह्या डावीकडच्या सीटचा काढू का? नवीकोरी दिसती. कुनी बसत न्हाई व्हय हिच्यावर?"

बसत नव्हतं. पुढची डावी सीट वडिलांची. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, तेव्हापासून ती रिकामी असते. असं कुणी ठरवलेलं नाही. आई त्यांच्या हयातीत मागे बसायची, ती मागेच राहिली. सासू मागे असताना आपण पुढे कसं बसायचं, म्हणून बायकोही मागे. देवाला जाताना नारळाची पिशवी तेवढी पुढच्या सीटवर ठेवतो. मी कुशनवाल्याला थोडं चिडूनच सांगितलं, "तिला हात लावायचा नाही. वडिलांची आहे ती."

"बरं. मग मागल्या सीटचा अर्धा काढतो, तेवढा पुरंल. कुठली बाजू काढू?"

मागे डावीकडे बायको बसते. तिच्या खालचा फोम काढला असता तर संध्याकाळच्या आत माझा उद्धार झाला असता. उजवीकडे आई.

"उजवीकडचा काढा," मी म्हणालो. "तिथं आमची आई बसते. चिमणीएवढं वजन तिचं. तिला काय करायचाय फोम?"

त्याचा हात थांबला. "मास्तर, वाळक्या मान्साला हाडं जास्त टोचत्यात."

"तुम्ही काढा हो," मी म्हणालो.

मेलेल्या बापाची रिकामी सीट मी राखली आणि जिवंत आईच्या खालचा फोम काढून घेतला. तेव्हा यात काही चुकतंय असं मला क्षणभरही वाटलं नाही. आयजीच्या जिवावर बायजी उदार, ही म्हण मी वर्षानुवर्षं वर्गात समजावून सांगत आलो आहे.

काढलेल्या फोमच्या जागी त्यानं दुकानातल्या चिंध्या आणि कातरण भरलं, वरून रेग्झिन शिवून टाकलं. बाहेरून कळतही नव्हतं. माझ्या सीटला मात्र त्यानं कमरेशी छान उंचवटा करून दिला. मी घोडेगावहून बेलापूरला आलो आणि गाडीतून सरळ, ताठ उतरलो. पुढचा आठवडाभर मागच्या सीटच्या फोमनं पाठ कशी बरी केली ते मी घरी ऐकवत होतो, आणि शाळेत ज्याला-त्याला त्या कुशनवाल्याचा पत्ता सांगत होतो.

आईला एकच भाऊ, खर्ड्याचा. तिच्याहून आठ वर्षांनी लहान, तिच्या कडेवर वाढलेला. त्या वर्षीच्या हिवाळ्यात मामाच्या अंगावरून वारं गेलं. डावी बाजू लुळी पडली, बोलणं तेवढं शाबूत राहिलं. आमच्यापासून खर्डा म्हणजे चार-साडेचार तासांची वाट. आम्ही लगेच भेटून आलो. परतल्यावर आई गाडीच्या दाराला धरून उतरली, वाकूनच घरात गेली आणि दोन दिवस अंथरुणावर होती. वय झालं, असं मी म्हणालो.

महिन्याभरानं पुन्हा निघालो तेव्हा ती घडी घातलेली गोधडी घेऊन आली आणि आपल्या जागेवर अंथरायला लागली. माझं डोकं फिरलं. "अगं, गाडी आहे का बैलगाडी? नवीन रेग्झिन बसवलंय मी! लोक काय म्हणतील?" ती गोधडी घरात ठेवून आली आणि बसली. त्या खेपेला मी वाटेत दोनदा मागे वळून विचारलं, "ठीक आहे ना?" दोन्ही वेळा ती "हाय की" म्हणाली. माझी पाठ अजिबात दुखत नव्हती, त्यामुळे माझा त्यावर लगेच विश्वास बसला.

त्यानंतर ती खर्ड्याला जायचं टाळू लागली. मी म्हणायचो, "चल, रविवारी मामाकडे जाऊन येऊ." ती म्हणायची, "नगं रं. मला आताशा गाडी लागती. मळमळतंय." असं तीनदा झालं. एवढ्या लांब, नगरला आणि जामखेडला एसटी बदलून तिला एकटीनं जाणं शक्य नव्हतं, हेही मला कळत होतं. बायको एकदा म्हणाली, "दवाखान्यात जाताना त्यांना कधी गाडी लागली नाही. आत्ताच कशी लागायला लागली? विचारा की जरा नीट." मी विचारलं नाही. खरं सांगायचं तर मला बरंच वाटत होतं, रविवार वाचत होता. आई रोज संध्याकाळी ओट्याच्या टोकाला जाऊन मामाशी फोनवर बोलायची, तेवढं पुरे आहे असं मी धरून चाललो होतो.

उन्हाळ्यात एका सकाळी फोन आला. मामा गेला.

शेजारच्या काकांनी बनियनवर सदरा चढवला आणि माझ्या हातातून गाडीची किल्ली काढून घेतली. "आज तुमी चालवायची न्हाई." आमच्याकडे तशी रीतच आहे, मातीला निघताना घरच्या माणसानं गाडी चालवायची नसते, शेजारी चालवतो. बायको मुलीकडे पुण्याला होती, ती परस्पर येणार होती. काका पुढे, मी मागे डावीकडे आणि आई तिच्या जागेवर. त्या गाडीत मी पहिल्यांदाच मागे बसलो होतो.

नगर सोडल्यावर माझ्या लक्षात आलं की आई बसलेली नव्हतीच. वरच्या कडीला एक हात, दुसरा हात सीटवर रोवलेला, आणि खड्डा आला की ती स्वतःला उचलून धरत होती. आधी मला वाटलं, दुःखानं तिला बसवत नाही. मग एका गतिरोधकावर ती इतक्या जोरात "आई गं" म्हणाली की काकांनी गाडी बाजूला घेतली. मी तिला माझ्या जागेवर बसवलं आणि तिच्या जागेवर जाऊन बसलो.

चिंध्या केव्हाच दोन्ही बाजूंना सरकल्या होत्या. मध्ये रेग्झिन आणि त्याच्या खाली लोखंडी दांडी. बाकी काही नाही. अर्ध्या तासात मी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर होऊ लागलो. माझ्यासारखा अंगानं भरलेला माणूस! आणि हिनं यावरून खर्ड्याच्या दोन वाऱ्या केल्या होत्या, दवाखान्याच्या फेऱ्या वेगळ्या.

"आई, हे कधीपासून असं आहे?"

ती खिडकीबाहेर पाहत होती. "ऱ्हाऊ दे आता. तुझी पाठ दुखायची ऱ्हायली नव्हं?"

साडेचार तासांत तिला एकदाही मळमळलं नाही.

खर्ड्याला बहिणीसाठी माती थांबवून ठेवली होती. आई मामाच्या उशाशी बसली, त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिली. भावकीतली एक म्हातारी रडत म्हणाली, "लई वाट बघितली गं त्यानं तुजी. आली न्हाईस तू." सगळ्या बायकांच्या माना आईकडे वळल्या. आई म्हणाली, "माझंच चुकलं बया. मला गाडी लागती."

मी चार पावलांवर उभा होतो. 'तिला गाडी लागत नाही, मी तिची सीट खराब केली,' एवढंच म्हणायचं होतं. वर्गात दोन दोन तास बोलणारा मी, पण माझं तोंड उघडलं नाही. पुरुषमंडळी खाली सतरंजीवर बसली होती. मामाच्या सूनबाईंनी आतून एक खुर्ची आणून माझ्यापाशी ठेवली, आणि मी तिच्यावर बसलोसुद्धा.

दहावा झाल्यावर मी घोडेगावला गेलो. या वेळी चार दिवस थांबलो. कुशनवाल्यानं जुनं काही उकरून काढलं नाही. नगरहून कडक फोम आणला, दांडीवर तागाचं जाड कापड ओढलं, आईच्या कमरेच्या उंचीचं माप विचारून घेतलं. आई घरापुढे गाडीत बसून पाहून म्हणाली, "लई झ्याक झालं." मी म्हणालो, "चल मग, खर्ड्याला जाऊन येऊ."

"आता कशाला?" ती म्हणाली. "कोन हाय तिथं वाट बघनारं?" आणि पदर सावरत उतरली.

ते मला झेपलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतल्या मधल्या सुट्टीत मैदानाच्या कडेला जाऊन मी मामाच्या सूनबाईंना फोन लावला. म्हणालो, "वहिनी, एक सांगायचं राहिलं. आईला गाडी लागत नाही. मी माझ्या पाठीसाठी तिच्या सीटचा फोम काढून घेतला होता. म्हणून ती आली नाही. तुम्ही तिला दोष देऊ नका."

"आमाला ठावं हाय, भावजी," त्या सहज म्हणाल्या.

"कसं?"

"आत्यांनी मामांना फोनवर सांगितलं हुतं की. मामाच म्हनले, अक्का, कंबर मोडून घिऊन येऊ नगंस. अन् पोराला बोलू नगंस, त्याला रोज गाडी चालवायची हाय. आमा घरातल्या मान्सांना समद्यांना ठावं हुतं."

म्हणजे मामानं वाट पाहिली, आणि माझ्यासाठीच तिला येऊ नको असंही सांगितलं. आई सगळ्यांसमोर खोटं बोलली तेव्हा त्या घरातलं एकेक माणूस ते ऐकत होतं आणि माझ्याकडे पाहतही नव्हतं.  माफी कुणाची मागायची तेच कळेना. वहिनींना वाटलं असावं की फोन कट झाला, त्या दोनदा "हॅलो" म्हणाल्या आणि मग अगदी मायेनं विचारलं, "आता कशी हाय तुमची पाठ?"

"बरी आहे," मी म्हणालो.

खरंच बरी होती. त्या सीटवर बसायला लागल्यापासून एकदाही दुखली नव्हती.