एल्मरचा मिठाचा ढीग

हिवाळ्यात बर्फ वितळावं म्हणून रस्त्यांवर टाकायचं मीठ आमच्या सरोवराकाठच्या शहरात एका मोठ्या लाकडी घुमटाखाली साठवतात. त्याची किल्ली वर्षानुवर्षं एल्मर ग्राबोव्स्कीच्या कमरपट्ट्याला असायची. कोरडं, स्वच्छ मीठ हा त्याचा अभिमान होता आणि ते कुणीतरी बिघडवणार ही त्याची कायमची शंका. मी शहराच्या त्याच रस्ते खात्याच्या हिशेब विभागात होतो. ढीग भिंतीवरच्या कोणत्या खुणेला आहे ते दर शुक्रवारी तो फोनवर कळवायचा आणि वर बजावायचा, "लिहून ठेव, पण ड्रायव्हर लोकांसमोर बोलू नकोस."

त्या जानेवारीत ढीग फार झपाट्याने खाली आला. बर्फ नेहमीसारखं होतं, गाड्यांच्या फेऱ्याही नेहमीसारख्याच. आमच्या नव्या अधीक्षक लोरेन हफ घुमटात आल्या, भिंतीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "किल्ली तुमच्याशिवाय कुणाकडे नसते ना?"

"म्हणजे? बाई, तुम्हाला म्हणायचंय काय?"

"मला काहीच म्हणायचं नाही. सोमवारपर्यंत मीठ कुठे जातं ते सांगा. नाहीतर किल्ली माझ्या टेबलावर ठेवा."

एल्मरने चोर लगेच ठरवून टाकला. मीठ टाकणाऱ्या गाडीवरचा ड्रायव्हर रेजी टिबल. रेजीचा मेहुणा दुकानांसमोरच्या आवारांतलं बर्फ काढायची कामं घ्यायचा, म्हणजे त्यालाही मीठ लागायचंच, आणि रेजीची गाडी रोज झाडून पुसून रिकामी परत यायची. इतर गाड्या कशा येतात ते एल्मरने पाहिलंच नाही. जेवणाच्या सुट्टीत त्याने सगळ्यांसमोर विचारलं, "मेहुण्याला मीठ कितीला पडतं रे?"

रेजी सूप पीत होता. "का? तुला दलाली हवीय?"

सगळे हसले. एल्मर हसला नाही.

शनिवारी दुपारी तो माझ्याकडे आला. "तुझी गाडी काढ. माझी सगळे ओळखतात, तुझ्याकडे कुणी ढुंकून बघत नाही."

रेजीच्या मागे आम्ही अंतर ठेवून निघालो. मेहुण्याचं घर आलं. रेजी तसाच पुढे गेला. एल्मर पुटपुटला, "हुशार आहे. आपण दिसलो असणार." मग ती गाडी घुमटाच्या अलीकडे दफनभूमीमागच्या गल्लीत वळली. तिथे एकही घर नाही. रेजीने वेग कमी केला, मीठ पसरणारी मागची चकती जोरात फिरवली आणि हौद्यातलं उरलंसुरलं मीठ रस्त्यावर ओतलं. तिथे आधीच मिठाचा जाड थर होता. तेवढ्यात मागून दुसरी गाडी आली आणि तिनेही तेच केलं.

एल्मर उतरून रेजीच्या गाडीपुढे उभा राहिला. "सापडलास!"

"काय सापडलो? फाटकावर पाटी कुणाची आहे? 'मीठ उरलेली गाडी आत येणार नाही.' तुझीच ना?"

"हौद्यात मीठ गोठतं म्हणून लावली. उरलेलं ढिगावर टाकायला काय झालं होतं?"

"ढिगावर? मागच्या हिवाळ्यात मार्विनने त्याच्या गाडीतलं टाकलं तर त्याच्या अंगावर धावून गेलास. म्हणालास, ओलं आहे, रेती आहे, माझा ढीग नासेल! मग टाकायचं कुठे, आईच्या स्वयंपाकघरात?"

परतताना गाडीत एल्मर म्हणाला, "बाईंना एवढंच सांगू. ड्रायव्हर मीठ गल्लीत ओततात."

"का ओततात असं विचारलं तर?" मी म्हणालो.



सोमवारी लोरेनबाईंच्या टेबलावर त्याने फाटकावरची पाटी ठेवली आणि शेजारी किल्ली. "मीठ ड्रायव्हर लोकांनी ओतलं," तो म्हणाला, "पण माझ्या नियमामुळे."

बाईंनी पाटी ठेवून घेतली. "उरलेलं मीठ दाराजवळ वेगळ्या कप्प्यात घ्या. ते आधी वापरा." आणि किल्ली त्याच्याकडे सरकवली.

त्या संध्याकाळी रेजीने नव्या कप्प्यात हौदा रिकामा केला. एल्मर फावडं घेऊन पुढे झाला आणि ते मीठ उलटंपालटं करू लागला.

"काय शोधतोयस?" रेजीने विचारलं.

"काही नाही. बघतोय आपलं."

"सापडलं की मला पण दाखव," रेजी म्हणाला आणि जणू आता एल्मरच चोर आहे अशा थाटात गाडीची दारं नीट बंद आहेत का ते दोनदा ओढून बघून निघून गेला.