नाना फोरमन आधी सांगायचे

नाना फोरमन कुठलंही मशीन चालू करायच्या आधी त्याची सगळी कुंडली सांगायचे. अंबडच्या कंपनीत मी नवा होतो, तेव्हा प्रेसच्या बटणावर हात ठेवून म्हणाले, "आता घरघर होईल, मग धाडकन आवाज येईल, जमीन हलेल. घाबरायचं ते आत्ताच घाबरून घे." मी घाबरून घेतलं. तरी धाडकन झाल्यावर पळालो तो थेट गेटवर. वॉचमननं परत आणून दिलं.

नाना रिटायर झाले, मी होतो तसाच राहिलो. मागच्या साली माझं काळीज वेडंवाकडं पळायला लागलं. जिना चढला की छातीत कोंबडी फडफडायची. डॉक्टर म्हणाले, ठोके बिघडलेत, गोळ्यांनी लायनीवर येत नायत, झोपवून छातीला करंटचा झटका देऊ. करंट ऐकलं आन् मी चपला शोधायला लागलो. घरचा फ्यूज बदलायला पण मी बायकोला पाठवतो.

तिनंच नानांना फोन लावला. त्यांना हा झटका आधी बसलेला. स्कूटरवर आले, चहा घेतला आन् चालू झाले, "रक्त पातळ व्हायची गोळी रोज घ्यायची. चुकवलीस तर गाठ सुटून डोक्यात जाती. त्या दिवशी पोटात काय नको. छातीवरचे केस काढतील, पट्ट्या चिकटवतील, सुईतून झोपेचं औषध देतील. झटका बसतो तवा तू घोरत असतोस. उठल्यावर कातडी उन्हानं भाजल्यासारखी चुरचुरती. बास."

"आन् बंदच पडलं तर?"

"डॉक्टर काय क्रिकेट बघत बसणार हाय का? आन् लेका, तुझं तोंड कधी बंद पडलं नाय, काळीज काय पडतंय!"

गोळ्या नेमानं घेतल्या. त्या सकाळी सिस्टरनं विचारलं, "काही खाल्लं नाही ना?"

"नाय ओ, कडक उपास. फक्त साबुदाण्याची खिचडी आन् केळी."

सिस्टरनं फाईल मिटली. सोबत आलेल्या नानांनी कपाळाला हात लावला. झोपेत पोटातलं वर येऊन श्वासात गेलं तर जिवावर बेततं, हे मला तेव्हा कळलं. डॉक्टर म्हणाले, उद्या या.

दुसऱ्या दिवशी नाना उजाडताच माझ्या दारात, माझ्या तोंडावर पहारा देत. पट्ट्या लागल्या, सुई टोचली, मी देवांची नावं घ्यायला लागलो. दुसऱ्या देवापर्यंत पोचलोच नाय. डोळे उघडले तर समोर नाना.

"कधी देणार झटका?" मी विचारलं.

"दिला की!"

छाती चुरचुरत होती. कोंबडी मात्र गप बसली होती.

यंदा नानांचं परत बिघडलं. ते हल्ली सुरगाण्याला लेकीकडं असतात, तिनं जीपनं आणलं. आयुष्यभर आधी सांगणारा माणूस स्ट्रेचरवर गप. माझा अंगठा घट्ट धरला आन् म्हणाले, "सांग रे."

"नाना, तुम्हाला तर सगळं पाठ हाय."

"हाय. पण तू सांग."

मग मी सांगितलं. पट्ट्या, सुई, झोप, चुरचुर. शेवटी म्हटलं, "आन् उठाल तवा मी समोर असंन."

"खिचडी खाऊन येऊ नको," म्हणाले आन् अंगठा सोडला.

दार बंद झालं. मी बाकड्यावर बसलो, पहिल्यांदाच न पळता. थोड्या वेळानं सिस्टरनं आत बोलावलं. मशीनवर ठोके एका तालात पडत होते, मला पण कळावं इतके तालात. नानांनी एक डोळा उघडला.

"कधी देणार झटका?"

खरंच विचारत होते का मला चिडवत होते, अजून सांगत नायत.