पहाटे चारचा माल

पहाटे झोपमोड होणाऱ्या माणसांचा सरकारनं वेगळा तालुका काढायचं ठरवलं, तर तिथले तहसीलदार म्हणून आमच्या घरमालकांशिवाय दुसऱ्या कुणाचा अर्ज विचारातच घेऊ नये, असं मी कितीतरी वर्षं छातीठोकपणे सांगत असे. नव्वदच्या दशकात उपकेंद्रावर नर्स म्हणून माझी पहिली नेमणूक झाली, तेव्हा नारायणगावाहून खोडदला जाणाऱ्या रस्त्यालगत, त्यांच्या मळ्यातली कडेची खोली मी भाड्यानं घेतली होती. मी घोडेगावच्याही वर, डोंगरातल्या गावची. आमच्याकडे भात आणि नाचणी. टोमॅटो मी बाजारातच पाहिलेले. मालकांना मी मामा म्हणे, त्यांच्या बायकोला मामी. ते मला शिष्टर म्हणत. माझं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला आजही खात्री नाही.

मामांच्या डोक्यात एकच तत्त्व होतं, पण ते असं घट्ट बसलेलं होतं की दुसऱ्या कशाला तिथं जागाच उरली नव्हती. बल्बाखाली पाहिलेली कुठलीही गोष्ट खरी मानायची नाही. तरुणपणी त्यांनी नवीन वीज घेतल्याच्या आनंदात रातोरात टोमॅटोची प्रतवारी केली होती. पिवळ्या बल्बाखाली कच्चा टोमॅटोसुद्धा लालबुंद दिसतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सकाळी बाजारात व्यापाऱ्यानं पेट्या उघडल्या, तर निम्मा माल हिरवा. "राव, पेरू आणलेत व्हय?" असं तो चारचौघांत म्हणाला, आणि पुढचं वर्षभर मामांना आख्ख्या बाजारात पेरूवाले म्हणून हाक पडत होती. त्या दिवसापासून त्यांनी बल्बाशी जे वैर धरलं ते धरलंच.

मामीला लुगडं घ्यायचं तर दुकानदारानं सगळा ढीग भर रस्त्यात आणून दाखवायचा, मग मागं जीपवाल्यांनी कितीही हॉर्न मारू देत. दवाखान्यात काढलेला गुडघ्याचा फोटो डॉक्टरांनी काचेवर लावून समजावला, तो यांनी काढून घेतला आणि बाहेर पिंपळाखाली जाऊन सूर्याकडे धरून पुन्हा पाहिला. कहर झाला तो थोरल्या लेकीच्या वेळी. मुलाकडची मंडळी दिवेलागणीला पोचली. पोहे झाले, चहा झाला, मुलगी पाहून झाली, सगळे पसंतीची वाट बघत बसले, आणि मामा म्हणाले, "पावणं, तुमचा मुलगा आमी अजून पाह्यलेला न्हाई." मुलगा समोर सतरंजीवर बसलेला. शेवटी अकरा माणसांना मुक्काम करावा लागला. सकाळी मामांनी नवऱ्या मुलाला अंगणात उभं केलं, एक चक्कर मारली आणि होकार दिला. ते जावईबापू पुढं सासुरवाडीला आले की चपला काढायच्या आधी दोन मिनिटं आपणहून अंगणात उन्हात उभे राहात.

आता माझ्याकडे वळते, कारण मीही काही कमी नमुना नव्हते. दिवसा मी बऱ्यापैकी धीट असे. सुया टोचत होते, बाळंतपणं करत होते, दारूड्या नवऱ्यांना दमात घेत होते. पण पहाटे चार वाजले की कुणी हलवून उठवल्यासारखे डोळे उघडत आणि छातीत धडधड सुरू होई. सिरिंजा उकळायचा स्टोव्ह विझवला का? लशीच्या डब्यात बर्फ पुरेसा होता का? त्या बाईला गोळ्या जेवणाआधी सांगितल्या की जेवणानंतर? एक काळजी दुसरीला हाक मारी आणि बघता बघता खोलीत जत्रा भरे. मग मी दिवा लावून बसे, आणि आपल्याला ही नोकरी झेपत नाही, गावी जाऊन भात लावावा, हा विचार शेवटी ठरलेला असे.

अशाच एका पहाटे बाहेर खुडबुड ऐकली म्हणून दार उघडलं, तर पडवीत टोमॅटोचा ढीग घालून मामा बसलेले. फडक्यानं एकेक टोमॅटो पुसत होते.

"झोप न्हाई व्हय शिष्टर?" ते मान वर न करता म्हणाले. "मलाबी न्हाई. बसा. ह्ये फडकं घ्या."

"बल्बाखाली निवडता?" मी विचारलं.

"निवडतोय कुठं? नुसतं पुसायचं. निवडायचं उजाडल्यावर."

त्या दिवसापासून आमचा नेम सुरू झाला. मामा विचारायचे, "आज काय माल आलाय?" मी काळजी सांगायची. प्रत्येक काळजीमागं ते एक टोमॅटो माझ्यापुढं ठेवत. तिच्यावर चर्चा करायची नाही, धीर द्यायचा नाही, काही नाही. "ही स्टोव्हची. हितं ठिवा. उजाडल्यावर बघू." मी नको नको म्हणत असतानाही पाच-सहा टोमॅटो रांगेत मांडले जात. मग स्वतःच्या काळज्या ते मला सांगत, आणि त्या माझ्यापेक्षा भारी असत. "म्हस कालपास्नं माझ्याकडं बघत न्हाई, तिला काय लागलं आसंल?" किंवा, "ही खोडदची रेडिओची दुर्बीण आभाळातलं बारीकसारीक ऐकती म्हणत्यात. आमी नवरा-बायको भांडतो ते बी ऐकत आसंल का वो?" मी हसू दाबत त्यांच्यापुढंही टोमॅटो ठेवी. एवढा थोर माणूस असल्या गोष्टींसाठी जागा राहतो, हे पाहून मला माझीच लाज कमी वाटू लागे.

ऊन पडवीत आलं की निवाडा. मामा एकेक टोमॅटो उचलून विचारत, "ही स्टोव्हची. आता काय म्हणती?" आणि खरं सांगते, उन्हात ती काहीच म्हणत नसे. स्टोव्ह मी विझवलेलाच असे. रॉकेलचा वास लागलेला हात मी साबणानं धुतल्याचंही आठवे. दहातली एखादी काळजी उन्हातही टिकून राहिली, तर मामा म्हणत, "ही पक्की हाय. हिच्या मागं जावा." बाकीच्यांची मामी दुपारी भाजी करत. माझ्या काळज्या मी चटणीसकट खाल्लेल्या आहेत.

एकदा मात्र हे सगळं खेळाचं राहिलं नाही. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर एक पहिलटकरीण बाळंत होऊन तिसरा दिवस होता. मी संध्याकाळी उशिरा पोचले. खोलीत चाळीसचा बल्ब. बाळ छान गुलाबी दिसलं, झोपलेलं होतं, म्हणून उठवलं नाही. निघताना आई म्हणाली, "लई गुणाचं हाय, रडत बी न्हाई, पीत बी न्हाई, नुसतं झोपतंय." मी हसून "बरं आहे" म्हणाले आणि दिवसभराच्या थकव्यात घरी आले. पहाटे चारला डोळे उघडले ते याच वाक्यावर. पीत नाही, नुसतं झोपतंय. मी पडवीत आले आणि घडाघडा सांगून टाकलं.

मामांनी टोमॅटो उचलला नाही. फडकं खाली ठेवलं.

"प्वार कशाखाली पाह्यलं?"

"बल्बाखाली."

"रंग बल्बाचा का प्वाराचा?"

तिसऱ्या दिवशीची कावीळ पिवळ्या उजेडात लपते, हे मला नर्सिंगच्या शाळेत शिकवलं होतं. परीक्षेत मी ते लिहिलंही होतं.

"आत्ता गेलो तरी तिथं बल्बच हाय," मामा उठत म्हणाले. "पण वाट बघायची ती तिथं बसून बघू." त्यांनी जुनी मोपेड काढली. थंडीत मी मागं बसून देवाचं नाव घेत होते.

वस्तीवर आम्ही अंगणात बसून राहिलो. घरच्यांना वाटलं, शिष्टरचं आणि टोमॅटोवाल्याचं डोकं फिरलंय. मी आईला सारखं बाळाला अंगावर घ्यायला सांगत होते, आणि बाळ काही तोंड उघडत नव्हतं. ऊन डोंगरावरून उतरून अंगणात आलं तेव्हा मी बाळ बाहेर घेतलं. निवाडा माझ्यावर सोपवून मामा पाठ फिरवून उभे राहिले. मी बाळाच्या कपाळावर बोट दाबलं, मग छातीवर, मग पोटावर, मग तळपायावर. बोट उचलल्यावर सगळीकडे हळदीसारखं पिवळं.

"मामा, पक्की आहे," मी म्हणाले.

त्यांचा त्या दिवशीचा माल बाजारात न्यायला पिकअप मळ्यात येऊन उभा असणार होता. मामा मोपेडवरून गेले आणि तो रिकामा घेऊन परत आले. टोमॅटो पडवीत राहिले आणि बाळ-बाळंतीण नारायणगावला लहान मुलांच्या डॉक्टरांकडे पोचली. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलंत. चार दिवस बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलं. मामा रोज बघायला येत आणि त्या दिव्याकडे संशयानं पाहात. चौथ्या दिवशी बाळ भुकेनं कडाडून रडलं, तेव्हा त्यांनी माघार घेतली. "डॉक्टरचा बल्ब येगळा दिसतोय," ते म्हणाले.

भात लावायला जायचा विचार त्यानंतर मी केला नाही. पहाटे भीती वाटणारी बाई नर्स म्हणून वाईटच असते असं नाही, एवढं मला कळलं होतं. मग मी कुठलंही बाळ अंगणात आणल्याशिवाय तपासलं नाही. पुढं माझी बदली घोडेगावला झाली, लग्न झालं, मुलं झाली, आणि मळ्यात जाणं दिवाळीपुरतं, मग तेवढंही राहिलं नाही.

दोन हजारच्या दशकाच्या शेवटी नारायणगावला दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं, तेव्हा मी मुद्दाम मामांकडे मुक्कामाला गेले. सवयीनं चारला जाग आली. मी पडवीत जाऊन बसले. साडेचार झाले, पाच झाले, मामा काही आले नाहीत. मला धसका बसला. सहाच्या सुमाराला मामी शेण काढायला उठल्या.

"मामी, मामांची तब्येत बरी आहे ना? अजून उठले नाहीत."

"ते? ते कवा उठलेत आठाच्या आधी? लई जड झोप. लग्न झाल्यापास्नं बघती मी."

"अहो, पण तेव्हा रोज चारला..."

मामी हसल्या. "तुमचा दिवा दिसायचा ना खिडकीतनं. परक्या गावातली पोरगी, एकलीच जागी बसती म्हणायचे. घड्याळ लावायचे बया उशीखाली, फडक्यात गुंडाळून, का माझी झोप मोडू नये. आन् निजताना मलाच इचारायचे, उद्या शिष्टरला कसली काळजी सांगू? म्हशीची मीच सुचवली व्हती."

मामी गोठ्याकडे गेल्या. चार वर्षं, थंडीत, पावसाळ्यात, एका गाढ झोपणाऱ्या माणसानं माझ्यासाठी झोप मोडली होती, आणि मी त्याला जन्माचा जागा समजून चारचौघांत त्याच्या गमती सांगत फिरले होते. आतून त्यांचं घोरणं ऐकू येत होतं. मी चहा घेतला नाही, भांडं वाजू दिलं नाही, शेजारचा पोरगा रेडिओ लावायला निघाला त्याला हातानं थांबवलं.

आठ वाजून गेल्यावर मामा डोळे चोळत बाहेर आले. खूप थकले होते. मला बघून ओशाळले.

"शिष्टर, आज जरा डोळा लागला बगा. तुमी कवाच्या उठलाय?"

"आत्ताच, मामा," मी म्हणाले. "मलाही हल्ली छान झोप लागते."