भावोजींच्या उपाशी प्लेटा

माझे भावोजी जिवाणू आणि यीस्टच्या जनुकांवर संशोधन करतात. माणूस हुशार, त्यात वाद नाही. पण हुशारीबरोबर थोडी लाजही मिळाली असती तर बरं झालं असतं. त्यांच्या करंगळीचं नख लांब वाढवलेलं असतं. त्या नखाने ते कान खाजवतात, डब्यांची झाकणं उघडतात आणि प्रयोगशाळेत यीस्ट वाढवायच्या प्लेटचं झाकणही उचलतात. विद्यार्थ्यांना मात्र हात धुण्यावरून रोज फैलावर घेतात.

त्यांनी यीस्टमधलं एक जनुक मोडून ठेवलं होतं. त्यामुळे त्या यीस्टला एक अन्नघटक स्वतः बनवता येत नव्हता. तो घटक नसलेल्या प्लेटवर ते उपाशी मरायचं. मग त्यात जिवाणूचं जनुक घालून ते जगतं का, हे भावोजी बघायचे. या त्यांच्या ‘उपाशी प्लेटा’. झालं असं की, जनुक न घातलेल्या प्लेटांवरही ठिपके उगवायला लागले. म्हणजे बाहेरचं कुठलं तरी यीस्ट आत शिरत होतं.

भावोजींनी लगेच बोट दाखवलं ते ताईच्या भट्टीकडे. माझी ताई घरामागच्या खोलीत पाव भाजून विकायची. गरम पावासाठी सकाळी दाराशी माणसं उभी असायची आणि ताई पिठाच्या हातांनी त्यांच्याशी गप्पा मारायची. लग्नानंतर मी तिला मोठ्याने हसताना ऐकलं ते त्याच खोलीत.

“तुझं यीस्ट माझ्या कपड्यांवरून तिकडे जातंय,” भावोजी म्हणाले.

आधी त्यांचे कपडे वेगळे धुतले जाऊ लागले, मग मधलं दार बंद झालं, शेवटी भट्टी विझली.

“प्लेटा स्वच्छ आल्या की पेटव पुन्हा. मी काय दुष्ट आहे का?”

तेव्हापासून संध्याकाळी ते दारात बूट काढायला वाकले की ताई विचारायची, “आज काय उगवलं?”

“उगवतंय अजून.”

एवढंच बोलून ते चहा मागायचे. ताई दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायची. थंड भट्टी फडक्याने पुसून ठेवायची, पत्र्यांना गंज चढू नये म्हणून तेलाचा हात फिरवायची. मी म्हटलं, “भट्टी पेटव आणि यांना विझव.” तिला हसू आलं नाही. हिवाळ्यात तिने भट्टी भंगारवाल्याला देऊन टाकली. तो घणाने भट्टीचे तुकडे करत असताना ताई स्वयंपाकघरात नळ सोडून उभी होती.

हिवाळा सरता सरता भावोजींचा शोधनिबंध छापून आला. त्यांनी विद्यार्थ्यांना जेवायला बोलावलं. मीही होते. ताई बाजारातला पाव कापत होती.

“आणि तो चोर सापडला बरं का!” भावोजींनी करंगळी वर केली. “सगळी प्रयोगशाळा पालथी घातली, आणि यीस्ट कुठलं, तर या नखाखालचं! काखेत कळसा आणि गावाला वळसा!”

विद्यार्थी खो खो हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. “आणि ताईची भट्टी?” मी विचारलं. “ते यीस्ट तपासलं होतंत का?”

“घरात पोत्याने यीस्ट होतं म्हटल्यावर तपासायचं काय? पण तिचा दोष नव्हता हं. आज सगळ्यांसमोर सांगतो.”

ताईने सुरी खाली ठेवली. “नख कधी कापलंत?”

“गेल्या उन्हाळ्यात. कापलं आणि प्लेटा आरशासारख्या स्वच्छ!”

“मग मी विचारायचे तेव्हा ‘उगवतंय’ का म्हणायचात?”

“निबंध छापून यायच्या आधी कशाला बोलायचं? लोक हसले असते. आणि तुलाही आराम मिळत होता की.”

मला वाटलं, आता ती सुरी उचलेल. उचलली खरी, पण उरलेला पाव कापला आणि सगळ्यांना वाढला, त्यांनाही.

परवा भावोजी मला रस्त्यात भेटले. नख पुन्हा वाढवलंय. चेहरा पाडून म्हणाले, “तुझ्या ताईला समजाव जरा. मी दारात बूट काढत बसतो, पण ती आज काय उगवलं म्हणून विचारतसुद्धा नाही. माझ्या कामात तिला रसच उरला नाही बघ.”