पाकिटावर न लिहिलेली गोडंबी

बाळंतिणीच्या घरात बिब्याचं नाव घेऊ नये, असं माझी मावशी सांगायची. घेऊ नये आणि लिहूही नये. पाळण्याला काळ्या दोऱ्यात ओवून तोच बांधायचा, खोलीच्या दारावर त्याच्याच तेलाच्या फुल्या काढायच्या, लाडवात त्याच्याच बीमधली गोडंबी घालायची; पण बोलायची वेळ आली की नुसतं 'थे', म्हणजे 'ते', म्हणायचं. मी वीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली बाई. मावशीला चिडवायची, "थे म्हंजे कोन व, तुहा नवरा?" एरवी कशावरही खो खो हसणारी मावशी या एका गोष्टीला हसत नसे, आणि ती हसली नाही की मलाच कसंसं व्हायचं.

ज्यांनी बिबा पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. काळी, चपटी, टणक बी. तिच्या सालीतलं तेल अंगावर उडालं की कातडी जळते. फोडून आतला गर काढला की ती गोडंबी, चवीला बदामाच्या तोंडात मारेल अशी. काहींना तर नुसतं त्या झाडाखालून गेलं तरी तोंड सुजतं, अंगभर फोड येतात. याला आमच्याकडे बिबा उतला म्हणतात. कोणावर उतेल आणि कोणावर नाही, याचा काही हिशोब नाही. मावशी म्हणायची, थो माणूस पाहतो.

माझी धाकटी बहीण लग्नानंतर आखातात गेली. तिथे आपल्याकडच्या पुष्कळ पोरी बाळंत होतात आणि आईच्या हातचा डिंकाचा लाडू त्यांना मिळत नाही, हे तिनं हेरलं. तिनं तिकडे दुकानाचा परवाना काढला. इकडे ढाणकीजवळच्या आमच्या गावात लाडू करायचे मी आणि मावशीनं. नोकरी सुटल्यावर मला हाताला काम हवंच होतं.

देशाबाहेर लाडू पाठवणं म्हणजे पोरगी उजवण्याइतकं काम आहे, हे तेव्हा कळलं. आयात-निर्यातीचा नंबर काढा, अन्नाचा परवाना काढा, मालाचा नमुना तिकडच्या कचेरीत नोंदवा. मालाला सगळ्या जगात एक ठरलेला आकडा असतो, तो शोधा. पाकिटावर दोन भाषांत आत काय काय आहे ते सगळं लिहा, सगळ्यात जास्त असेल ते आधी. शेंगदाणे, काजू, तीळ असं ज्यानं कोणाला त्रास होऊ शकतो, ते ठळक लिहा. माझं डोकं फिरायचं. आमच्या आज्यांनी काय लाडवावर यादी डकवली होती?

ही कागदपत्रं करून देणारा नागपूरचा एजंट भला माणूस होता. त्यानं गूळ, डिंक, खारीक, खोबरं, सुंठ, तूप सगळ्यांची नावं बसवली आणि गोडंबीशी अडला. हे तिकडच्या यादीतच नाही, म्हणाला. नमुना तपासणीला जाईल, तीन-चार महिने लागतील. इकडे थंडी तोंडावर आलेली, मागणी आलेली. आणि बाळंतिणी काही तीन-चार महिने थांबणार नव्हत्या.

त्याच आठवड्यात मावशीनं पाकिटाचा नमुना हातात घेतला आणि विचारलं, "याच्यावर सारं लिवतं का?"

"लिहावं लागते मावशी."

"त्याचंबी नाव लिवशील? अव, हे पाकीट तं बाळंतिनीच्याच घरी जाईन नं. हरेकीच्या उशाशी त्याचं नाव कायले पाठवतं? नोको लिवू, बाई. मी पाया पडतो तुह्या."

मला तर पडत्या फळाची आज्ञाच झाली. मावशीला म्हटलं, तू म्हणतेस तसंच. एजंटला सांगितलं, गोडंबी काढून टाकली. बहिणीलाही तेच सांगितलं, म्हणजे तिला खोटं बोलावं लागू नये. पाकिटावर छापलं 'सुका मेवा', आणि लाडवात गोडंबी पहिल्यासारखीच पडत राहिली. पहिला माल सुखरूप सुटला तेव्हा मी पेढे वाटले.

पुढे पंधरा-वीस दिवसांनी बहिणीनं फोनवर विचारलं, "ताई, एका बाईले काजू चालत नाही म्हणते. आपल्या लाडवात नाही नं?" मी म्हटलं, "एक तुकडा नाही." आणि ते खरंच होतं.

त्या फोनला आठवडा झाला. लेक तेव्हा पहिल्या बाळंतपणाला माझ्याकडे आली होती, नातू नऊ दिवसांचा. टळटळीत दुपार होती. मागच्या अंगणात मावशी हाताला राख चोळून दगडावर बिबे फोडत होती. ठक, ठक. मग ते थांबलं. मी मान वर केली तर मावशी दगड तसाच उचलून धरून माझ्या फोनकडे पाहत होती. फोन त्यानंतर वाजला. आधी नाही, नंतर. मी हे पुष्कळदा मनात फिरवून पाहिलं आहे.

बहिणीचा व्हिडिओ कॉल होता. ती बोलायच्या आधीच तिनं फोन फिरवला. दवाखान्याच्या खाटेवर एक बाई होती. डोळ्यांच्या जागी दोन चिरा, ओठ पालथे झालेले, आणि श्वास शिट्टीसारखा वाजत होता. त्या बाईला मी ओळखत नव्हते, पण तो चेहरा ओळखत होते. लहानपणी जंगलातून आलेल्या माणसांचा असा चेहरा मी पाहिला होता. जिथे चहूकडे वाळू, जिथे बिब्याचं एक झाड औषधाला सापडणार नाही, तिथे जाऊन त्यानं तिला गाठलं होतं.

"ताई, हे थेच काजू न चालणारी बाई, पंधरा दिवसाची बाळंतीण आहे," बहीण रडत होती. "लाडू खाल्ला अन् असं झालं. डॉक्टर विचारून राह्यले, सुका मेवा म्हंजे काय काय? विषबाधा धराव का दुसरं काही, थे त्यायले आत्ताच पाहिजे. सांग नं."

मावशी माझ्यासमोर येऊन उभी राहिली होती. काळे झालेले दोन्ही हात तिनं पुढे धरले होते, मला न लावता. "आत लेकरू हाय," ती हळू आवाजात म्हणाली. "घेऊ नोको."

आणि मी, गणिताची बाई, भीतीनं नुसती आतल्या दाराकडे पाहत राहिले. फोनमधून ती शिट्टी ऐकू येत होती आणि आतल्या खोलीतून नातवाचं चुटूचुटू दूध पिणं. किती वेळ गेला सांगता येत नाही. शिट्टी बारीक होत चालली तेव्हा मी ओरडले.

"बिबा! बिब्याची गोडंबी आहे त्याच्यात. काजूच्याच घराण्यातली. सांग त्यायले!"

आतलं चुटूचुटू थांबलं. लेकीनं विचारलं, "आई, कोनाचं नाव घेतलं व?" मी आत धावले. नातू दूध सोडून दाराकडे पाहत होता. दारावर मावशीनं काढलेल्या फुल्या होत्या, दुसरं काही नव्हतं.

बाई वाचली. तिसऱ्या दिवशी तिचे डोळे उघडले. बहिणीनं दुकानातलं प्रत्येक पाकीट परत घेतलं आणि तिकडच्या कचेरीत जे खरं होतं ते लिहून दिलं. तुम्हाला माहीत होतं का, असं तिला विचारलं. ती नाही म्हणाली, आणि तिच्यापुरतं ते खरं होतं. मला कोणी विचारलं नाही. घरीदारी सगळ्यांनी मावशीचंच नाव घेतलं. म्हातारीच्या खुळापायी धंदा बसला, म्हणाले.

तिकडचा नियम सांगतो, नाव लिहा, म्हणजे तो कोणाला गाठणार नाही. मावशी सांगायची, नाव घेऊ नका, म्हणजे तो कोणाला गाठणार नाही. दोघंही त्याला भिऊन होते. पाकीट छापताना मी ना नियमाला भ्याले, ना त्याला. मला फक्त तीन-चार महिने वाचवायचे होते.

पुढच्या अमावस्येला मावशी मला घेऊन जंगलात गेली. भर दुपारी. बिब्याच्या झाडाखाली पाचोळासुद्धा हलत नव्हता, आणि आम्ही जवळ गेलो तसं पाखरांचं बोलणं बंद झालं. मावशीनं हळदकुंकू वाहिलं, भाकर ठेवली आणि पदर पसरला.

"मीच नोको म्हनलं होतं लिवाले," ती झाडाला म्हणाली. "या पोरीची काई चूक नाही. लेकराईकडे पाहू नोको. राग काढाचा असन तं माह्यावर काढ."

मी तिच्यामागे हात जोडून उभी होते. एका वाक्याचं काम होतं, की नाव मी माझ्या सोयीसाठी गाळलं. सांगितलं असतं तर ते झाडानंही ऐकलं असतं, या भीतीनं मी तोंड उघडलं नाही. मला तेव्हा खरोखर वाटलं की ते झाड आम्हा दोघींकडे आळीपाळीनं पाहतंय.

आठ दिवसांनी मावशीच्या अंगावर बिबा उतला. तीस वर्षं तिनं बिबे फोडले होते, बोटाच्या पेरांपलीकडे कधी काही झालं नव्हतं. आता कपाळापासून गळ्यापर्यंत फोड आले, डोळे मिटले. डॉक्टर म्हणाले, असं होतं, इतकी वर्षं हाताळल्यावर शरीर एक दिवस उलटतं. असेल. मी तिच्या उशाशी बसून कापसानं खोबरेल लावत होते. तिला काही दिसत नव्हतं, तरी तिनं चाचपडत माझा हात धरला.

"बरं झालं माह्यावर आला," ती म्हणाली. "थे तिकडची बाई बरी हाय नं?"

"बरी आहे. तिचं लेकरूही बरं आहे."

सुजल्या ओठांनी मावशीला बोलवत नव्हतं, तरी ती पुढे बोलली.

"माह्या हट्टापायी तुहा धंदा बसला, पोरी. मले माफ कर."

माझा हात तिच्या हातात होता. खोलीत आम्ही दोघीच होतो.

"जाऊ दे, मावशी," मी म्हटलं. म्हणजे मी तिला माफ केलं.