रिव्हॉल्व्हरच्या मुठीतली वाळू

दुसरी लढाई संपली त्या हिवाळ्यात मी एक जुनं रिव्हॉल्व्हर विकत घेतलं. दरेकशाच्या जंगलात तेव्हा आमचं लाकडाचं काम चालायचं आणि स्टेशनापासून कटाईच्या जागेपर्यंत मी सायकलने एकटाच जात असे. त्याच वर्षी माझ्या मेहुण्याला वाटेत अस्वलाने गाठलं आणि त्याचा एक डोळा गेला. घरी मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा गोळा करण्याचा हक्क, असल्याने परवाना मिळायला फारशी अडचण आली नाही. नागपूरच्या एका विक्रेत्याकडून मी ते हत्यार आणलं. कुण्या साहेबाचं होतं, साहेब विलायतेला परत गेला, एवढंच त्याने सांगितलं.

हत्यार साफ कसं करतात हे मला माहीत नव्हतं. गावात एक म्हातारा गोंड होता, पहिल्या लढाईत पलटणीबरोबर समुद्रापार जाऊन आलेला. सगळे त्याला हवालदार म्हणत. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला बोलावून घेतलं. ओसरीवर ऊन आलं होतं. खाटेवर जुनी चादर पसरून मी रॉकेल, शिवणयंत्राचं तेल आणि धोतराच्या चिंध्या मांडून ठेवल्या होत्या. हवालदाराने हत्याराला लगेच हात लावला नाही. रिकामं आहे का, असं त्याने विचारलं. दुकानदाराने पाहून दिलं आहे, असं मी म्हणालो.

"दुकानदारानं पायला," तो म्हणाला. "तुमी पायला काय जी?"

मग त्याने खटका दाबला. नळी पुढे वाकली आणि चक्रातली सहा घरं उघडी पडली. त्याने करंगळीचं टोक घालून एकेक घर मोजलं. मिटवलं, पुन्हा उघडलं, पुन्हा घरं मोजली. नळीच्या मागच्या तोंडाशी अंगठ्याचं नख धरून त्याने पुढून आत पाहिलं आणि मलाही पाहायला लावलं. नखावरून आत गेलेल्या उजेडात नळीचे पीळ लखलखत होते, जणू ते कोणी वापरलंच नव्हतं. चक्रातली पाच घरंही तशीच होती. सहाव्यात मात्र काळं कडं होतं. रॉकेलमध्ये भिजवलेली चिंधी त्याने पुष्कळदा फिरवली, तरी ते पुरतं गेलं नाही.

एका घरातूनच गोळी सुटली आहे, आणि तीही एकदाच, असं तो म्हणाला.

मुठीला दोन्ही बाजूंनी लाकडाच्या फळ्या होत्या. त्यांचा स्क्रू त्याने काढला, तशी आतून वाळू पडली. चमचाभर असेल, बारीक आणि ओलसर. तिच्यात तांदळाच्या कणीएवढा एक पांढरा शंख होता. हवालदाराने वाळू बोटांवर घासून पाहिली.

"पानी होता येच्यात," तो म्हणाला. "लय दिवस होता."

विकण्याआधी धुतलं असेल, असं मी म्हणालो. लोखंड तो पुन्हा पुन्हा उन्हात फिरवून पाहत होता. मला उशिरा कळलं की तो गंज शोधत होता, आणि गंज कुठेच नव्हता. शेवटी त्याने सगळं पुसलं, तेल लावलं, फळ्या बसवल्या. चहासाठी थांबला नाही. विहिरीवर हात धुताना मात्र तो बराच वेळ दिसत होता.

रिव्हॉल्व्हर कोरड्या फडक्यात गुंडाळून मी लोखंडी पेटीत ठेवलं. सकाळी फडकं ओलं होतं. तेलाने नाही, पाण्याने. थंडीचे दिवस, दव धरलं असेल असं मी मनाशी म्हटलं. पण पेटीतले कपडे आणि कागद कोरडे होते. मी पुन्हा सगळं पुसून तेल लावलं. तिसऱ्या दिवशीही तेच. त्या दिवशी मी फळ्या काढल्या आणि आत चिमूटभर वाळू निघाली. ती जागा मी स्वतःच्या हाताने पुसली होती.

बायको समोर सूप घेऊन तांदूळ निवडत होती. पेटी उघडली होतीस का, असं मी विचारलं. किल्ली तिच्याच कमरेला होती. नाही म्हणाली. मग सुपातून नजर न काढता आमच्या पोवारी बोलीत म्हणाली, ते घरात आल्यापासून त्या खोलीत नदीचा वास येतो. आमच्या गावापासून सगळ्यात जवळची नदी चार कोसांवर.

पुढचे आठ-दहा दिवस मी रोज सकाळी हेच करत बसलो. कटाईवर जायला उशीर व्हायचा, माणसं खोळंबायची. भीती वाटत होती असं तेव्हा मी कबूल केलं नसतं. पाणी येतं कुठून, एवढंच मला पाहायचं होतं.

मग नोंदणीची वेळ आली आणि मी हत्यार घेऊन जिल्ह्याच्या कचेरीत गेलो. कारकुनाने नंबर उतरवून घेतला, आत गेला, आणि एक जुनं रजिस्टर उघडंच घेऊन बाहेर आला.

"हा नंबर आमच्याकडे आहे," तो म्हणाला. "पण हे रिव्हॉल्व्हर नदीत टाकलेलं आहे."

नोंद अकरा वर्षांपूर्वीची होती. आमगावकडच्या एका ठेकेदाराचं हत्यार. तो वारला, चौकशी झाली, हत्यार बायकोच्या ताब्यात दिलं गेलं. आपण ते वाघनदीच्या डोहात टाकलं, असा तिचा जबाब होता. खाली अंगठा. आम्ही दोघांनी एकेक आकडा बोट ठेवून ताडून पाहिला. फरक नव्हता. निकाल लागेपर्यंत हत्यार इथेच राहील, असं कारकून म्हणाला, आणि मी ते टेबलावर ठेवून निघालो.

परतताना मी आमगावला उतरलो. ठेकेदाराची बायको तिथे भावाकडे राहत होती. मी कशासाठी आलो ते ऐकून भावाने कपाळाला आठ्या घातल्या, पण ती स्वतःच बाहेर येऊन भिंतीशी बसली. हत्यार तिने खरंच टाकलं होतं. धोतरात धोंड्यासकट बांधून, डोंग्यातून, कोरलेल्या ओंडक्याच्या होडीतून, डोहाच्या मधोमध जाऊन. डोंगा चालवणारा ढिमर त्याच पावसाळ्यात वारला. डोह आजवर कधी आटला नाही.

काय झालं होतं, हे मी विचारलं नव्हतं. तिनेच सांगितलं.

"ते साफ करत होते. पाच गोळ्या काढून चादरीवर ठेवल्या. सहा काढल्या असं त्यायले वाटलं. मी समोर बसली होती. नळी माह्याकडं होती. ते त्यायच्या ध्यानात आलं, म्हनून त्यायनं ती आपल्याकडं वळवली."

मग तिने विचारलं, "तुमी साफ करता तवा समोर कोन बसते?"

"बायको," मी म्हणालो.

ती पदराने तोंड पुसून आत गेली. भाऊ मला फाटकापर्यंत सोडायला आला.

उन्हाळ्यात कचेरीचं पत्र आलं. जुन्या नोंदीत आकड्याची चूक झाली असावी, सबब हत्यार अर्जदारास परत देण्यास हरकत नाही. सोबत एक छापील कागद होता. मी तो ओसरीवर बसून भरला. हत्यार नको, असं लिहिलं. खाली कारणासाठी दोन ओळी होत्या, त्या कोऱ्या सोडल्या.

पुढे वर्षभराने तो कारकून मला गोंदियाच्या बाजारात भेटला. रिव्हॉल्व्हर लिलावात गेलं, असं त्याने आपणहून सांगितलं. कोणी घेतलं ते त्याला ठाऊक होतं. मी विचारलं नाही.